पूल हॉलमागची गल्ली

२१ मार्च २०१६, उदगीर

नांदेडच्या शाळेतली नोकरी सोडून आल्यापासून आज पहिल्यांदा लिहायला बसले. वडिलांना, नानांना, अर्धांगवायू झाला तेव्हा वाटलं होतं, महिनाभरात उठतील, मी परत जाईन. आता कळतंय की ते उठणार नाहीत. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एक 'हां' तेवढा उरलाय. तो होकार आहे की नकार, ते मलाच ठरवावं लागतं.

हॉल मी चालवते. अडत बाजाराच्या मागचं जुनं गोदाम, दोन टेबलं, दारावर नानांनी स्वतः रंगवलेली पाटी, 'समता पूल हॉल, प्रो. लिंबाजी'. नाना तरुणपणी हैदराबादला साहेब लोकांच्या क्लबात मार्कर होते. साहेब खेळायचे आणि नाना गुण मांडायचे, बॉल पुसून ठेवायचे. क्लबानं जुनी टेबलं काढली तेव्हा त्यांनी ती ट्रकमध्ये घालून इथं आणली. मग इथं अडत्या हमालाबरोबर खेळू लागला, मास्तर रिक्षावाल्याबरोबर. हरलेल्यानं चहा पाजायचा, एवढाच नियम. मी लहान असताना स्टुलावर उभी राहून खेळायचे आणि भल्याभल्यांना हरवायचे. दहावीत गेले आणि नानांनीच खेळायची काठी काढून घेतली. "लोक बघतेत," म्हणाले. तो राग माझ्या मनात फार वर्षं होता.

नानांची खाट हॉलमध्येच टाकली आहे, मागच्या खिडकीला लागून. घरी एकटं ठेवता येत नाही; रात्री तेवढं चाकांच्या खुर्चीतून शेजारच्या घरी नेते, हॉलच्या उंच उंबऱ्याशी कुणीतरी हात लावतं. बॉलवर बॉल आपटला की त्यांचा चेहरा जरा सैल होतो.

जुन्या लोकांपैकी महादेवप्पा अडते अजून रोज येतात. सत्तरी ओलांडली तरी काठीच्या टोकाला खडू लावताना असं तोंड करतात, जणू पूजेला बसलेत. आणि मन्मथ येतो. त्याला नानांनी शिकवलं. डावखुरा. बॉल असा हळू सोडतो की वाटतं, पोचणारच नाही, आणि तो पॉकेटच्या तोंडाशी जाऊन आत पडतो. पोटासाठी टँकर चालवतो. सध्याच्या पाणीटंचाईत गावात टँकरवाल्याइतका मान कुणाला नाही.

२८ मार्च

 हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की तसं काही झालं नव्हतं.

दुपारी हॉल रिकामा होता. मी टेबलावरच्या बनातीच्या कापडावर ब्रश मारत होते. मागच्या गल्लीत टँकर आला होता, त्याचा गलका नेहमीचाच, म्हणून लक्ष दिलं नाही. मग किशनरावांचा आवाज चढला. किशनराव म्हणजे टँकरचे मालक. आमच्याच नाही, आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्यांत पाणी त्यांचंच येतं. मी खिडकीकडे पाहिलं. ते म्हणत होते, "बस झालं इथलं. घे मागं. मंगल कार्यालयात पोचवायचंय."

स्टिअरिंगवर मन्मथ होता. त्यानं डोकं बाहेर काढलं. "मालक, मागं बाया हायत."

किशनरावांनी दरवाजावर जोरात थाप मारली. "घे म्हणतो ना. हटतेत त्या."

टँकर मागं आला. बाया पळाल्या. गल्लीतली म्हातारी नागुबाई घागर उचलायला वाकली होती. कानानं तिला कमी ऐकू येतं. टँकर आणि आमची भिंत, त्यांच्यामध्ये ती होती.

मी ओरडले नाही. टेबलाच्या आड खाली बसले. बाहेरून मी कुणाला दिसू नये, एवढंच डोक्यात होतं. किशनराव ओरडत होते, "म्हातारीला ऊन लागलं. पाणी मारा तोंडावर." मग बायकाही म्हणू लागल्या, "ऊन लागलं, ऊन लागलं." त्या पळत होत्या, त्यांची पाठ होती, त्यांना दिसलं नसणार.

म्हणजे पाहणारी मी एकटीच. नाना झोपलेले होते. डोळे उघडे दिसले, पण हल्ली झोपेतही त्यांचे डोळे अर्धे उघडेच असतात.

३० मार्च

नागुबाई दवाखान्यात पोचलीच नाही. तिचा मुलगा पुण्याहून आला, बांधकामावर असतो. त्याला सगळ्यांनी तेच सांगितलं. संध्याकाळी माती दिली. किशनराव पुढे होते, तिरडीला खांदाही दिला.

शेजारची केवळाबाई नानांना बघायला आली होती. मी विचारलं, "नेमकं काय झालं हो?"

"ऊनच की माय, दुसरं काय," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता नानांच्या पांघरुणाची घडी करत बसली. मग म्हणाली, "आपल्या गल्लीला आता एक टँकर जास्तीचा द्यायलेत म्हणे."

बरं झालं, म्हणाले मी. का म्हणाले कुणास ठाऊक.

२ एप्रिल

मन्मथ आला. मला वाटलं होतं, तो आता कधी येणार नाही. आला, काठी घेतली, महादेवप्पांशी एक डाव खेळला आणि साधे साधे बॉल चुकला. आप्पा म्हणाले, "काय रे, टँकर चालवून हात जड झाले का?" तो हसला नाही.

जाताना खिडकीजवळ थांबला. "ताई, ही खिडकी दुपारी उघडी असती का?"

मी पुसायला एक बॉल उचलला. "नाही," म्हणाले. "ऊन येतं म्हणून लावून घेते."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशीपण. मी आणि नाना दोघं झोपलो होतो."

तो मान हलवून गेला. खांदे एकदम पडल्यासारखे दिसले. त्याला हायसं वाटलं असणार.

नंतर त्यानं पाण्याचं एक बॅरल आणून दारात ठेवलं. पैसे नकोत म्हणाला. हे गप्प राहण्याचं मोल आहे, ते मला कळलं. परत करायची हिंमत झाली नाही. भरलेलं बॅरल परत करणारी बाई या गावात लोकांना वेडीच वाटेल.

५ एप्रिल

नाना पाणी पीत नाहीत. चमचा ओठांशी नेला की दात आवळतात, तोंड भिंतीकडे वळवतात. ओठ फुटलेत. डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटला गिळायला भीती वाटते, थोडं थोडं द्या. पण जारचं विकत आणलेलं पाणी दिलं तर पितात. मी आज मुद्दाम बॅरलचंच पाणी जारच्या बाटलीत भरलं. त्यांनी मला बाटली भरताना पाहिलं होतं की काय. तोंड उघडलं नाही.

चवीचं असेल. टँकरचं पाणी मचूळ असतं.

८ एप्रिल

किशनराव स्वतः आले. सोबत दोन माणसं आणि एक गुंडाळलेला बॅनर. गावात सगळीकडे जिल्ह्याची चर्चा आहे. लातूरपासून उदगीर वेगळं होणार, यादी निघणार, मग कलेक्टर इथं बसणार. खरं किती, खोटं किती, कुणाला माहीत नाही, पण बॅनर रोज नवे लागतात. यांचाही होता. 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे', आणि खाली यांचा फोटो, अक्षरांपेक्षा मोठा.

"तुमच्या पाटीवर लावायचा होता," ते म्हणाले. "चालेल ना?"

मी हो म्हणाले.

ते आत आले, टेबलावरून हात फिरवला. नानांच्या खाटेपाशी गेले, खिडकीतून गल्लीत पाहिलं. बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "लिंबाजी लई सज्जन माणूस. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. तुम्ही बी तशाच असाल."

"हो," मी म्हणाले.

"जिल्हा झाला की इथून मोठा रस्ता जाणार हाय. कुणाचं काय ठेवायचं, कुणाचं काढायचं, ते बसून ठरवावं लागंल. आपल्या माणसाला आपण संभाळतोच."

मी पुन्हा हो म्हणाले. किती वेळा हो म्हणाले आज. नाना डाव्या हातानं खाटेची दोरी ओढत होते, इतकी की बोटं पांढरी पडली. किशनराव गेल्यावर मी ती बोटं एकेक करून सोडवली.

बॅनरखाली आता 'समता' हा शब्द झाकला गेलाय. 'पूल हॉल' तेवढं दिसतं.

१२ एप्रिल

लातूरला रेल्वेनं पाणी आलं. टीव्हीवर दिवसभर तेच. तिथं टाक्यांपाशी गर्दी करायलाही बंदी आहे. हॉलमध्ये लोक बघत उभे होते, कुणी खेळत नव्हतं. मन्मथही होता. तो टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मी काउंटरखालची रिकामी खोकी उगाच आवरत राहिले.

तो हल्ली रोज येतो. खेळत नाही. काठी भिंतीला लावून नुसता बसतो. ग्राहक असला की गप्प. हॉल रिकामा झाला की घसा खाकरतो, जणू काही बोलणार, आणि मी लगेच फोन कानाला लावते. किशनरावांनी त्याला माझ्यावर लक्ष ठेवायला बसवलं असणार, दुसरं काय. रस्त्यानं जातानाही मागं वळून बघायची सवय लागली आहे मला.

१४ एप्रिल

बाबासाहेबांची सव्वाशेवी जयंती. पाणी नसलं तरी विहार धुऊन काढलं होतं, बायकांनी घरोघरचं एकेक तांब्या पाणी आणून. सकाळी वंदनेला बसले होते, पण शब्द तोंडपाठ म्हणत गेले आणि लक्ष दाराकडे.

नानांना मिरवणूक दाखवायची होती. ते दरवर्षी टेबलांवर चादर टाकून हॉल बंद ठेवत आणि पांढरा सदरा घालून पुढे चालत. सदरा घातला, पण खुर्चीत बसवून उंबऱ्याबाहेर न्यायला मला एकटीला जमेना. मन्मथ कुठून आला कळलं नाही. त्यानं नानांना खुर्चीसकट उचललं आणि बाहेर सावलीत ठेवलं.

नानांनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं. सोडेनात. मी म्हणाले, "नाना, सोडा त्याला, काम असेल." नाना त्याच्याकडे बघत होते आणि म्हणत होते, "हां. हां. हां." मी त्यांच्या तोंडून एवढ्या जोरात तो शब्द ऐकला नव्हता. मन्मथ गुडघ्यावर बसला. मिरवणूक समोरून निघून गेली, त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. त्याचा चेहरा ओला झाला होता.

घामानं, असं मी मनाशी म्हणत होते. आता लिहिताना कळतंय की तो रडत होता.

आणि नानांचे डोळे त्या दिवशी दुपारी उघडे होते.

१५ एप्रिल

नानांना विचारलं. खाटेजवळ बसले आणि विचारलं, "तुम्ही पाहिलंत का?"

"हां."

"म्हणून तुम्ही ते पाणी पीत नाही?"

"हां."

मी बॅरल उचलून गल्लीत ओतणार होते, पण पाणी ओतवेना. केवळाबाईला देऊन टाकलं. ती म्हणाली, "तुमाला नको का?" मी म्हणाले, नको. तिनं विचारलं नाही का म्हणून.

१७ एप्रिल

रविवार. दुपारी मन्मथ आला. हॉलमध्ये नाना आणि मी. त्यानं दुसरी काठी काढून माझ्यापुढे धरली. "ताई, एक डाव खेळा."

"मी खेळत नाही."

"नाना सांगायचे, तुमच्या हातासारखा हात न्हाई."

नानांनी असं कुणाला सांगितलं होतं, ते मला आज कळलं. काठी घेतली. घाबरलेल्या माणसाचं आधी कोपर हलतं. माझं कोपर हलत होतं, पण त्याचं माझ्याहून जास्त. दोघं मिळून एक बॉल पॉकेटमध्ये जाईना. शेवटी त्यानं काठी बनातीवर आडवी ठेवली. ती तशी ठेवायची नसते, हे नानांनी त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं असणार.

"ताई, तुम्ही पाहिलं ना?"

माझ्या मागं भिंत होती. दाराकडे जायचं तर त्याच्या बाजूनं जावं लागलं असतं. खाटेवर नाना होते. मी म्हणाले, "पाहिलं."

तो टेबलाच्या पायाला टेकून खाली बसला. मला वाटलं, आता उठून अंगावर येईल. तो म्हणाला, "मग बोलला का न्हाई? मी रोज येऊन राहिलो. आज बोलतेल, उद्या बोलतेल."

"मला वाटलं, तू लक्ष ठेवायला येतोस."

"मी?" त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "म्हातारी मला बाळा म्हणायची, ताई. माझ्या हातानं गेली ती. जेवताना स्टिअरिंगच दिसतंय हातात."

"मग तू का नाही गेलास ठाण्यात?"

"गेलो होतो. फाटकापासून माघारी आलो. मी एकट्यानं सांगितलं तर मालक म्हणतेल, यानंच बेफाम गाडी घातली, मी नव्हतोच. मी घातली गाडी, ते खरंच हाय. माझं मी भोगतो. पण 'घे' कुणी म्हणलं, हे सांगायला बी कुणी पाहिजे ना?"

मी विचारलं, "ते आपल्याला सोडतील का?"

"न्हाई," तो म्हणाला.

१८ एप्रिल

ठाण्याकडे निघायच्या आधी महादेवप्पांकडे गेले. त्यांनी सोबत यावं असं वाटत होतं. ते पोत्यांना टेकून बसले होते. सगळं ऐकून घेतलं, आश्चर्य मात्र वाटलेलं दिसलं नाही. म्हणाले, "पोरी, मला बीपी हाय. त्या ठाण्याच्या पायऱ्या चढवत न्हाईत." मग म्हणाले, "पाणी पिऊन जा." मी तशीच निघाले.

ठाण्यात साहेबांनी आधी मन्मथला आत घेतलं, मग मला. मी सांगायला लागले ते नांदेडपासून. त्यांनी थांबवून पुन्हा विचारलं. मग सांगितलं, सगळं. 'घे म्हणतो ना' हे तीनदा सांगावं लागलं. सही करताना माझं आडनाव मलाच परकं वाटलं.

मन्मथला ठेवून घेतलं. तो आत जाताना म्हणाला, "नानांना सांगा." माझ्या हातात असतं तर आजच नांदेडला निघून गेले असते, असं वाटलं. पण नानांना उचलायला आता कुणी नाही.

घरी येऊन सांगितलं.  नाना भांड्याकडे हात करून पाणी प्याले.

२१ एप्रिल

सकाळी हॉल उघडायला गेले तर कुलूप तुटलेलं. पुढच्या टेबलाची बनात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ब्लेडनं कापलेली. बाकी कशालाही हात लावलेला नाही. चोर आले असते तर बरं वाटलं असतं.

नाना माझ्यासोबत खुर्चीत होते. त्यांना बाहेर ठेवून कापड झाकायला गेले, पण त्यांना दिसलं होतं.

आज कुणी खेळायला आलं नाही.

२४ एप्रिल

गल्लीत टँकर येणं बंद झालंय. कुणी सांगितलं नाही की का बंद झालं, पण सगळ्यांना माहीत आहे. केवळाबाई समोरून गेली, डोक्यावर रिकामी घागर. मी हाक मारली. थांबली नाही. एक बाई मला ऐकू जाईल असं म्हणाली, "मेलेली गेली. जितीचं काय?" तिच्या कडेवर बाळ होतं.  मी रात्रंदिवस हाच विचार करते की ती चुकीचं बोलत नाही.

लोक रेल्वे स्टेशनच्या पलीकडच्या बोअरवरून पाणी आणतात. मीही जाते. रांगेत माझ्या पुढं-मागं मोकळी जागा सोडतात.

दुपारी महादेवप्पा आले. हमालाच्या डोक्यावर पाण्याचे दोन जार. उतरवून घेतले. कापलेल्या बनातीवरून तळहात फिरवला, मग मागच्या टेबलावर एकटेच खेळत बसले. मी काउंटरवर होते. ते असेपर्यंत मला दाराकडे बघावंसं वाटलं नाही.

२९ एप्रिल

आज पंचनामा झाला. साहेब, दोन शिपाई, पंच म्हणून बाहेरून आणलेली दोन माणसं. किशनरावांची माणसं गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकलवर बसून होती. किशनराव म्हणे जामिनासाठी धावपळ करतायत. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या. पानटपरीपाशी महादेवप्पा.

साहेबांनी मला खिडकीत उभं केलं. "इथून काय दिसतं ते सांगा."

मी सांगितलं. टँकर कुठून आला, किशनराव कुठं उभे होते. बाहेर गल्लीत शिपाई खडूनं खुणा करत होता. साहेब म्हणाले, "आणि बाई नेमकी कुठं होती?"

मी बोट दाखवलं. शिपायानं चुकीच्या जागी खूण केली. "अजून अलीकडे," मी म्हणाले. त्यानं पुन्हा चुकवलं. मोटरसायकलवरचा एकजण मोठ्यानं हसला.  वाटलं, साहेब आता म्हणतील, बाई, तुम्हाला नीट दिसलंच नाही.

तेवढ्यात केवळाबाई तिच्या ओट्यावरून उतरली. हातात घागर होती. सरळ चालत आली, आमच्या भिंतीला पाठ लावली आणि वाकली. घागर उचलायला वाकावं तशी.

"इथं," ती म्हणाली. "ती इथं होती. मी ह्या अंगाला होते, तिच्या हाताला लागून. मी पळाले."

मग कडेवर बाळ असलेली ती बाई आली आणि त्या दिवशी टँकरची नळी होती त्या जागी जाऊन उभी राहिली. मग आणखी एक, मग समोरच्या दारातल्या दोघी. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. त्या दिवशी ज्या जागी होत्या, त्या जागी जाऊन उभ्या राहत होत्या. महादेवप्पा टपरीवरून निघाले, रस्ता ओलांडून कोपऱ्यावरच्या खांबापाशी आले. "मी इथं," म्हणाले. "घे म्हणल्याचं मला बी ऐकू आलं."

मोटरसायकली चालू झाल्याचा आवाज आला.

गल्ली भरली. मध्ये टँकरएवढी जागा तेवढी रिकामी होती, आणि तिथं कुणी पाऊल टाकत नव्हतं. माझ्या मागून नाना म्हणत होते, "हां." साहेबांनी गल्लीत येऊन पेन काढलं आणि केवळाबाईला विचारलं, "नाव सांगा."

तिनं कमरेत वाकलेल्या स्थितीतच नाव सांगितलं. साहेब म्हणाले, "आता उभ्या राहा." तरी ती बराच वेळ उठली नाही.